जवानाला सलाम करून योजनेवर प्रश्न विचारता येतो का?

मढ (ता. जुन्नर) : माळशेजच्या रस्त्याला पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. पोरगं भरती झालं की गावात फ्लेक्स लागतो. पण त्याच चौकात कोणी 'चार वर्षांनी पुढं काय?' असं विचारलं, की व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सैन्याचा अपमान' म्हणून गलका सुरू होतो. खरं तर प्रश्न जवानावर नसतो, सरकारच्या योजनेवर असतो.

अग्निपथ योजना केंद्राने १४ जून २०२२ रोजी जाहीर केली. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीच्यांना सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, पेन्शन नाही. दर महिन्याला खात्यावर येणाऱ्या पैशाची किंमत शेतकऱ्याच्या घराला वेगळी सांगायला नको.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना वीरमरण आलं. त्यानंतर राहुल गांधींनी कुटुंबाला पेन्शन नसल्याची टीका केली, भाजपने ती खोडून काढली. लष्कराने हिशोबच जाहीर केला : विमा ४८ लाख, सानुग्रह मदत ४४ लाख, युद्धहानी निधीतून ८ लाख, शिवाय सेवा निधी आणि चार वर्षांतला उरलेला पगार. म्हणजे रक्कम कोटीच्या वर जाते. पण कायम जवानाच्या घरी जी कुटुंब पेन्शन सुरू राहते, ती यात नाही. 'काहीच मिळत नाही' हे खोटं आणि 'सगळं सारखंच मिळतं' हेही खोटं.

९ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पुंछ भागात अग्निवीर मुरली नाईक यांना वीरमरण आलं. कुटुंब मुंबईत घाटकोपरला राहायचं. पुढे त्यांच्या आईनेच कायम जवानासारखे लाभ मिळावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आता या माऊलीला सैन्यविरोधी म्हणायचं का?

कायदा काय म्हणतो? ३७० कलम हटवण्यावर टीका करणारं स्टेटस ठेवलं म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर गुन्हा दाखल झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. जाती-धर्मात तेढ लावणं मात्र यात बसत नाही. गावातला जवान कुठं तैनात आहे हे स्टेटसला टाकणं तर टीकाही नाही, त्याच्या जिवाशी खेळ आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आधी जवानांना मानवंदना द्या, मग योजनेबद्दलचं म्हणणं ठरावात मांडा. गावातल्या कुठल्याही मतदाराला तिथं बोलता येतं. भरतीच्या अटी आणि लाभांची माहिती पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येईल. फॉर्म भरण्याआधी पोराबरोबर आई-बापानेही ती वाचून घ्यावी.