पक्षी आणि पाइन : तुलना नेमकी कशाची करायची?

‘अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास’ असं शीर्षक सिनॉप्सिसमध्ये सर्रास दिसतं. तुलना कशासाठी हे ठरलेलं नसेल तर हाती फक्त दोन रकान्यांचा तक्ता येतो.

मुद्दाम एक विजोड जोडी घेऊ. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतला क्लार्क्स नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी, आणि तिथंच उंचावर वाढणारा व्हाइटबार्क पाइन हा सूचिपर्णी वृक्ष. एक उडतो, दुसरा जागचा हलत नाही. एकाचं आयुष्य काही वर्षांचं, दुसरा हजार वर्षंही जगू शकतो. सगळं खरं, पण यातून संशोधनाचा प्रश्न तयार होत नाही.

आता असं विचारा : एकमेकांवाचून दोघांचं किती अडतं?

या पाइनचा शंकू पिकला तरी आपोआप उघडत नाही आणि बीला पंख नसतात, म्हणजे वाऱ्याचा उपयोग नाही. नटक्रॅकर चोचीनं शंकू फोडतो, जिभेखालच्या पिशवीत बिया भरतो आणि थोड्या थोड्या करून जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरतो. एका हंगामात अशा हजारो बिया! पुढे तो बऱ्याचशा जागा आठवणीनं शोधून काढतो (त्याची स्मरणशक्ती हा वेगळ्या लेखाचा विषय). राहून गेलेल्या बियांतून रोपं उगवतात.

पुस्तकात याला म्युच्युअलिझम म्हणतात, आणि आपण दोघांची गरज सारखीच धरून चालतो. तशी ती नाही. पक्षी इतर पाइनच्या बियाही खातो, पीक कमी आलं की दुसरीकडे जातो. झाडाला मात्र या पक्ष्याची जागा घेईल असं कुणी नाही.

१९१० च्या सुमारास युरोपातून आलेल्या रोपांबरोबर तांबेऱ्याची बुरशी तिथं पोचली. त्यात खोडकिड्यांची भर. झाडं मेली की शंकू घटतात, शंकू घटले की पक्षी फिरकत नाही, आणि मग वाचलेल्या झाडांच्या बियाही पेरल्या जात नाहीत. हेक्टरी साधारण १००० शंकूंच्या खाली पक्षी येण्याची शक्यता बरीच कमी होते, असं रॉकी पर्वतातल्या अभ्यासात दिसलं. हे एकक बघा. नुसती पक्ष्यांची किंवा झाडांची संख्या मोजून हे कळलं नसतं. ‘हेक्टरी शंकू’ दोघांनाही लागू पडतं.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं या झाडाला ‘संकटग्रस्त’ म्हणून कायदेशीर संरक्षण दिलं. आता तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या झाडांच्या बियांपासून रोपं करतात. त्या बियांसाठी कोवळ्या शंकूंना उन्हाळ्यातच जाळी बांधावी लागते, नाहीतर नटक्रॅकर आधीच हात मारून जातो.