उशिरा उभे राहिलेले घर

पुण्यातील येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या संस्थापकांसमोर उभा होता तो गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या तरुण मुलांचा प्रश्न. अनिल अवचट यांनी त्या मुलांविषयी लिहिलेले लेख वाचून व्यथित झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. आणि त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी, व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे या एका श्रद्धेवर, ते केंद्र घरासारखे वाढवले. पुढे तेथे दारूच्या रुग्णांचीही रीघ लागली, डॉ. अनिताबाई 1997 साली गेल्या, त्यांचे कार्य त्यांच्या कन्येने पुढे चालवले. परंतु स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ नावाचा स्वतंत्र विभाग तेथे उघडला तो 2009 साली, म्हणजे तब्बल 23 वर्षांनंतर.

हा विलंब एकट्या पुण्याचा नव्हे. अमेरिकेत मिनेसोटा येथे हेझलडेन हे प्रख्यात उपचारगृह 1949 साली पुरुषांसाठी निघाले आणि स्त्रियांसाठी त्याची ‘डाया लिन’ ही शाखा 1956 साली निघाली. पुरुषाचे घर आधी आणि स्त्रीचे मागाहून, हा क्रम इतरत्रही दिसतो, आणि त्याचे समर्थन बहुधा आकड्यांनी केले जाते. केंद्र शासनासाठी ‘एम्स’ने केलेल्या 2019 च्या पाहणीत देशातील 27.3 टक्के पुरुष आणि 1.6 टक्के स्त्रिया दारू पितात असे आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण तर 0.4 टक्के इतकेच भरले. दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला, सासू ऐकत असताना, ‘होय, मी पिते’ असे सांगणारी स्त्री आमच्या घनसावंगी तालुक्यात तरी मला भेटलेली नाही. म्हणून त्या आकड्याकडे मी कमी नोंदला गेलेला आकडा म्हणूनच पाहते.

हा तालुका गोदाकाठचा. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. कापूस आणि मोसंबी ही येथली जुनी पिके, आणि कालव्याचे पाणी पोचले तेथे ऊस. निजामाच्या अमलात आबकारी हे सरकारी खजिन्याचे मोठे साधन होते, आणि दारूचा लिलाव घेणारा गुत्तेदार हा परगण्यातला वजनदार इसम असे. 1948 साली ती राजवट संपली, परवान्यांचे कागद बदलले. दारू मिळण्याची सोय मात्र बदलली नाही. त्या सोयीविरुद्ध उभी राहिली ती बाईच. गावातील 25 टक्के स्त्री मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले आणि गुप्त मतदानात निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते; शासनाच्या 2008 च्या आदेशाने मिळालेला हा अधिकार महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी वापरला आहे. या लढ्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही असे वाटते, की दारूने पिचलेली पत्नी आणि दारू बंद पाडणारी रणरागिणी अशी बाईची दोनच चित्रे आपण रंगवून ठेवली, आणि जी स्वतःच दारूच्या अधीन झाली आहे तिला उभे राहायला त्या चौकटीत जागाच ठेवली नाही.

अशा एका बाईंची हकीकत, ओळख पटेल असे सारे तपशील गाळून, सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल. पहाटेपासून ऊसतोडणी आणि रात्री-अपरात्री ट्रक आला की मोळ्या डोक्यावर घेऊन शिडीने चढणे. नवरा प्यायचाच. एके रात्री अंग मोडून आले तेव्हा त्यानेच घोटभर दिली. “अंग लई ठणकायचं, ताई. थोडी घेतली की हात-पाय हलायचे,” हे त्यांनी मला सांगितले तेव्हा त्या सुरुवातीला दहा-बारा वर्षे होऊन गेली होती, आणि सकाळी चहाची कपबशी धरता यावी म्हणूनही आधी घोट घ्यावा लागत होता.

पोरीच्या सोयरिकीची बोलणी निघाली म्हणून त्यांनी एक दिवस आपणहून दारू सोडली. दुसऱ्या दिवशी हातांना कंप, अंगाला घाम, पोटात काही ठरेना. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना त्यांना दिसू लागल्या आणि त्या किंचाळत अंगणात धावल्या. ‘बाहेरचं आहे’ असे म्हणत घरातली मंडळी देवऋषीकडे निघाली होती; अखेर त्यांना दवाखान्यात नेले. वर्षानुवर्षे दारूवर चाललेला मेंदू ती एकाएकी तुटली की असा खवळतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो, आणि त्यात उपचार न झाल्यास माणूस दगावतोही. डॉक्टरांनी शांतवणारी औषधे सुरू केली, सलाइनमधून साखर जाण्यापूर्वी ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली, कारण ते न देता साखर दिली तर मेंदूला कायमची इजा पोहोचण्याचे भय असते. स्त्रीच्या देहात पाण्याचा अंश कमी आणि जठरात मद्याचे विघटन करणारे द्रव्यही कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तात मद्य अधिक चढते आणि यकृतही लवकर नासते. नवऱ्याइतकी न पिताही त्याच्याआधी त्या अंथरुणाला का खिळल्या, याचा उलगडा मला तेथे झाला.

देह सावरला की खरा उपचार सुरू होतो, आणि त्यासाठी त्यांना पुण्याला न्यावे असे ठरले. मुक्तांगणातला उपचार 35 दिवसांचा. समुपदेशन, योग, आणि गटात बसून मोकळेपणाने बोलणे हा त्याचा कणा. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे पुढे कार्यकर्ते होतात, हे त्या घराचे वैशिष्ट्य. परत आल्यावर बाईंना सर्वांत अधिक काय आठवत असेल, तर औषधे नव्हे. शहरातल्या, शिकल्यासवरल्या एका बाईने सर्वांसमक्ष ‘मी चोरून प्यायचे’ असे म्हटले तो क्षण. पुरुषांच्या गटात कर्ज, मारामारी, गेलेली नोकरी यांची कबुली निघते. स्त्रियांच्या गटात मुलांची नावे निघतात, आणि ज्या गोष्टी पुरुषांच्या कानावर कदापि घालता येणार नाहीत त्याही निघतात. स्वतंत्र घर लागते ते याकरिता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः तोडू नये असे कलम आहे, आणि हा कायदा दारूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या विकारांनाही लागू आहे. ज्यांनी ते कलम घातले त्यांना स्त्री उपचार का टाळते हे नेमके कळले होते.

मुक्तांगणाने व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचे गट चालवले, आणि त्या गटांनी असंख्य संसार सावरले. बाईंना पोचवायला मात्र त्यांची वृद्ध आई आणि मी, अशा दोघीच होतो. नवऱ्याला निरोप गेला, तो आला नाही. त्याला कोणी बोलही लावला नाही. हीच बाई नवऱ्याला दवाखान्यात टाकून घरी बसली असती, तर भावकीने तिला जगू दिले असते का? आजारी पुरुषाची सेवा हे बाईचे कर्तव्य ठरते, आणि आजारी बाई ही तिच्या माहेरची जबाबदारी ठरते. व्यसनमुक्तीच्या साऱ्या पद्धतीत घरातल्या एका माणसाची सोबत गृहीत धरलेली असते. डायसल्फिराम नावाची गोळी, जिचा दारू सोडवण्यासाठीचा उपयोग डेन्मार्कमधील संशोधकांना 1948 च्या सुमारास उमगला, ती घेतल्यावर दारू प्यायली तर देहाला असह्य त्रास होतो. म्हणून ती रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि शक्यतो घरच्या माणसाच्या हातून रोज दिली जाते. बाईंना ती आईच्या हातून मिळते.

पुण्याहून परतल्यावर पाठपुराव्यासाठी वारंवार तितक्या दूर जाणे मजुरी करणाऱ्या बाईला परवडत नाही. केंद्र शासनाचा 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांक आहे, पण घरातला एकच फोन नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून माझी मागणी लहान आणि नेमकी आहे. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एका ठरावीक दुपारी स्त्री समुपदेशक बसावी, गावातल्या आशा कार्यकर्त्यांना तिची वेळ ठाऊक असावी, दारावर ‘व्यसनमुक्ती’ अशी पाटी नसावी, आणि रक्तदाब व रक्तक्षयाच्या तपासणीच्याच रांगेतून तिच्यापर्यंत पोचता यावे. म्हणजे दवाखान्यात कशाला गेली होतीस या प्रश्नाला बाईपाशी खरे उत्तर असेल.