मित्राच्या आठवणीतली राइड

कोल्हापुरात तरुण पोरगा गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये गाडीला टेकून उभा असलेला हसरा फोटो, खाली शोकाकुल मित्रपरिवार. शाहूपुरीही याला अपवाद नाही. गेलेला गाडीवेडा असेल, तर वर्षश्राद्धाच्या आसपासच्या रविवारी त्याच्या नावानं सगळ्यांनी मिळून गाड्या काढाव्यात, असं कुणाच्या तरी मनात येतंच. पन्हाळा, गगनबावडा, नाहीतर आंबा घाट. ही कल्पना मला मनापासून आवडते. ती कशी पार पाडावी याचा विचार मात्र फारसा होत नाही.

जगात तो झालेला आहे. अमेरिकेत १९८८ साली व्हिएतनाम युद्धातल्या बेपत्ता सैनिकांसाठी सुमारे अडीच हजार मोटरसायकली वॉशिंग्टनमध्ये शिरल्या. 'रोलिंग थंडर' या नावानं ही राइड पुढे तीन दशकं दरवर्षी निघत राहिली. आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यती २६ वेळा जिंकणारा जोई डनलॉप २ जुलै २००० रोजी एस्टोनियात भर पावसात शर्यत चालू असताना गेला. उत्तर आयर्लंडमधल्या त्याच्या गावी अंत्ययात्रेला हजारो मोटरसायकलस्वार लोटले.

माझ्या मनात घर केलं ते सायकलवाल्यांच्या एका फेरीनं. २००३ साली अमेरिकेतल्या डॅलसजवळ लॅरी श्वार्ट्झ नावाच्या सायकलपटूला शेजारून जाणाऱ्या स्कूलबसचा आरसा लागला आणि तो गेला. त्याचा मित्र ख्रिस फेलन यानं त्याच्या आठवणीत 'राइड ऑफ सायलेन्स' काढली. जाहिरात नव्हती, तरी हजारभर लोक आले. आता मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी अनेक देशांत ती निघते. वेग ताशी १२ मैलांच्या, म्हणजे साधारण १९ किलोमीटरच्या आत. कुणी बोलायचं नाही. दंडाला काळी फीत, आणि ज्याला स्वतःला वाहनाची धडक बसली असेल त्याची फीत लाल. त्या लाल फितींमुळे न बोलताही कळतं, की या रांगेतले किती जण थोडक्यात वाचलेत.

आपल्याकडे अशी राइड अनेकदा आवाजावर जाते. पुंगळी काढलेल्या गाड्या, चौकाचौकात रेस करणं, मागे बसलेल्याच्या हातात झेंडा. दुःखाला आवाज फुटावा हे मी समजू शकतो. पण सीपीआर रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या माणसाच्या कानावर तो आवाज जातो तेव्हा त्यात कुणाची आठवण उरत नाही. पन्हाळ्याचा रस्ता या रुग्णालयाच्या अंगावरूनच जातो.

शाहूपुरीतून निघालं की आधी व्हीनस कॉर्नर, मग दसरा चौक, सीपीआर, तोरस्कर चौक आणि शिवाजी पूल. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेल्या या पेठेतून निघून जेमतेम वीस किलोमीटरवर माणूस गडावर पोचतो. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस याच पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली आणि १३ जण गेले. शेजारी आता नवा पूल झाला आहे. तिथून जाताना आजही अनेकांचा हात आपोआप ॲक्सिलरेटरवरून सैल पडतो.

सोबत्याच्या आठवणीत वाट तुडवणं कोल्हापूरला नवं नाही. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले. महाराजांचा वेश घेतलेला शिवा काशिद आणि खिंड अडवून धरणारे बाजीप्रभू व बांदल मावळे कामी आले. आजही दर पावसाळ्यात शेकडो माणसं पन्हाळा ते पावनखिंड पायी जातात. हिल रायडर्ससारख्या इथल्या संस्था ही पदभ्रमंती भरवत आल्या आहेत. मसाई पठारावर धुकं, पायाखाली चिखल, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. कुणी मागे राहिला तर सगळी रांग थांबते. मला वाटतं, मोटरसायकलवाल्यांनी घ्यायचं ते हेच.

गाड्यांच्या रांगेचंही एक शास्त्र आहे. एका गटात पाच ते सात गाड्या पुरे. पुढे लीड, सगळ्यात शेवटी स्वीप; रस्त्याची नीट माहिती असलेला पुढे आणि दुरुस्ती येणारा अनुभवी मागे. गाड्या एकामागे एक न लावता आडव्या-तिरप्या ठेवायच्या: तिरक्या अंगाच्या गाडीपासून एक सेकंद, थेट समोरच्या गाडीपासून दोन सेकंद. वळणावर मात्र एकेरी रांग. सगळ्यात नवख्याला लीडच्या मागेच घ्यायचं, म्हणजे वेग त्याच्या बेतानं राहतो. गेलेल्या मित्रासाठी लीडच्या शेजारची जागा मोकळी सोडतात. वैमानिक आपल्या गेलेल्या साथीदाराला मानवंदना देताना विमानांच्या रचनेत एक जागा रिकामी ठेवतात, तिथून हे आलं. रस्ता रुंद असेल तरच ती सोडावी. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळच्या चढावर तो हट्ट नको.

हेल्मेटसक्तीला कोल्हापुरातही विरोध झाला. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची. आणि हेल्मेट नसलेली ५०,०२९, त्यांत मागे बसलेली १४,३३७. चौकातल्या फ्लेक्सवरचे कितीतरी चेहरे या आकड्यांत आहेत. म्हणून मित्राच्या राइडला हेल्मेट नसलेल्याला, तो कितीही जवळचा असो, तिथूनच घरी परत पाठवायला हवं. हे सांगताना वाईटपणा येतो. तो त्याच्या सगळ्यात जिवलग दोस्तानं घ्यावा.

आणखी एक करता येईल. येताना वाट पुन्हा सीपीआरवरूनच आहे आणि तिथं रक्तपेढी आहे. रक्त देऊन लगेच घाट चढणं बरं नव्हे, तेव्हा गडावरून उतरल्यावर, पोटभर खाऊन, आधी रक्तपेढीशी वेळ ठरवून जावं. गाड्या दसरा चौकातच लावायच्या आणि तेवढं अंतर चालत जायचं.