आंजर्ल्याच्या वाळूत ओवलेल्या माळा

थंडी पडली की आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येऊ लागतात. वाळूत हात-दीड हात खड्डा करायचा, शंभरेक अंडी घालायची आणि समुद्र गाठायचा. त्या खड्ड्याकडे पुन्हा फिरकायचं नाही. कासवमित्र ती अंडी कुंपणातल्या हॅचरीत नेऊन पुरतात. नेताना अंडं उलटंपालटं होऊ देत नाहीत, कारण काही तासांतच भ्रूण कवचाला आतून चिकटतो. साधारण ५० दिवसांनी वाळू हलते आणि पिल्लं बाहेर! एवढ्या काळात अंड्यात बाहेरून गेलं काय? थोडं पाणी, हवा आणि ऊब. बाकी सगळा शिधा आतलाच.

प्रथिनं, कर्बोदकं, मेद, न्यूक्लिक आम्लं ही पुस्तकात महारेणू म्हणून पाठ केलेली चारही नावं त्या मऊ, चिवट कवचाआड असतात. कर्बोदकं थोडीच. मेद हे मुख्य इंधन. (पुस्तकं त्यालाही महारेणूंच्या पंगतीला बसवतात, खरं तर त्याचा रेणू लहान आणि साखळीही नाही.)

थांबावं ते प्रथिनांपाशी. २० प्रकारची अमिनो आम्लं माळेत ओवलेली. एका क्रमाने ओवली की केराटिन होतं, पिल्लू कवच फोडतं ते नाकावरचं टोक त्याचंच. क्रम बदलला की हिमोग्लोबिन, प्राणवायू वाहणारं. प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू सुटतो; पचनात पाणी परत घालून जोड तोडले जातात. बलकातली प्रथिनं मादीच्या यकृतात बनून रक्तातून अंड्यात आलेली. म्हणजे पिल्लू आईच्या माळा तोडतं आणि त्याच मण्यांच्या स्वतःच्या ओवतं.

क्रम डीएनएत लिहिलेला असतो. पण नर की मादी, हे तिथे ठरलेलं नसतं! या कासवांना त्यासाठी वेगळी गुणसूत्रंच नाहीत. उबवणीच्या मधल्या काळात वाळू साधारण २९-३० अंशांच्या वर गेली की माद्या वाढतात, खाली राहिली की नर. उबेत अरोमाटेज नावाचं विकर जास्त बनतं आणि ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. विकर म्हणजे पुन्हा प्रथिनच. त्यामुळे हॅचरीवर सावली धरायची की नाही, हा प्रश्न पिल्लं जगण्यापुरता राहत नाही. समुद्रात नर किती आणि माद्या किती जाणार, तेही त्यात आलं.