सोमलाचा माग

‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे बातमीतलं वाक्य आपण वाचून सोडून देतो. त्यामागची, मृतदेहातलं विष शोधण्याची विद्या उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकात, आणि बरीचशी सोमलावरच. युरोपात तेव्हा उंदीर मारायला सोमल घरोघरी असे. शिवाय त्याने येणाऱ्या उलट्या-जुलाब पटकीसारखे, त्यामुळे डॉक्टरही फसत.

आजोबांच्या कॉफीत विष घातल्याचा आरोप असलेला जॉन बोडल कोर्टातून सुटला, कारण जेम्स मार्शने तपासणीत मिळवलेला पिवळा साका ज्युरीपुढे येईपर्यंत बिघडला होता. वूलिचच्या शस्त्रागारातला हा रसायनतज्ज्ञ चिडून कामाला लागला आणि 1836 साली त्याने नवी चाचणी जाहीर केली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू पेटवायचा आणि ज्योतीवर थंड चिनी मातीची बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळा, चकचकीत डाग उमटतो.

1840 मध्ये फ्रान्समध्ये मारी लाफार्जवर नवऱ्याच्या खुनाचा खटला चालला. स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून विषतज्ज्ञ ऑर्फिला आला. प्रेतात सोमल आहे, आणि तो माझ्या रसायनांतला नाही की दफनभूमीच्या मातीतला नाही, हेही त्याने सांगितलं. मला त्याच्या साक्षीत हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

का, ते 1859 मध्ये लंडनला कळलं. डॉ. स्मेथर्स्टच्या खटल्यात आल्फ्रेड टेलर या नामांकित तज्ज्ञाला एका बाटलीत सोमल सापडला. मागाहून उघड झालं की तो त्याच्याच चाचणीतल्या तांब्याच्या जाळीतून आला होता! आरोपीला तरीही फाशीची शिक्षा झाली. ओरड झाल्यावर माफी मिळाली.

आपल्याकडचा गाजलेला प्रसंग बडोद्याचा. नोव्हेंबर 1874 मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबताच्या उरलेल्या गाळात मुंबई सरकारच्या रासायनिक विश्लेषकाला सोमल आढळला. फेअर वाचले, संशय बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. पण विष कोणी घालायला लावलं हे चाचणी कसं सांगणार? चौकशीसाठी नेमलेल्या सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रजांनी त्यांना दोषी धरलं; जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव यांना आरोप सिद्ध वाटला नाही. एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं गेलं, तेही गैरकारभाराचं कारण देऊन.