अद्भुतिकेतील समलिंगी प्रेम

वास्तवाचे नियम बाजूला ठेवून लेखकाने स्वतःच्या नियमांनी उभारलेल्या विश्वाची कथा म्हणजे अद्भुतिका. अशा विश्वात पिशाचे, जादू, अमरत्व असे सर्व काही संभवते. तथापि दोन पुरुषांचे वा दोन स्त्रियांचे परस्परांवरील प्रेम त्यात दीर्घकाळ उघडपणे येऊ शकले नाही. याचे कारण कल्पनाशक्तीची मर्यादा हे नसून कायदा, प्रकाशकांची धास्ती व सेन्सॉरची बंधने हे होते.

एकोणिसाव्या शतकात हे प्रेम बहुधा संकटाच्या किंवा पापाच्या रूपाने सूचित केले जाई. आयरिश लेखक शेरिडन ले फान्यू (१८१४–७३) याच्या ‘कार्मिला’ (१८७१–७२) या दीर्घकथेत तरुण नायिकेवर अनुरक्त होणारी स्त्री ही रक्तपिपासू पिशाच आहे. ऑस्कर वाइल्ड (१८५४–१९००) याची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही कादंबरी १८९० मध्ये मासिकातून प्रसिद्ध होताना संपादकाने तिच्यातील काही मजकूर गाळला. १८९१ च्या ग्रंथरूप आवृत्तीत वाइल्डनेही काही उल्लेख सौम्य केले. तरीही १८९५ मध्ये न्यायालयात तिच्या आधारे त्याची उलटतपासणी झाली. मूळ टंकलिखित संहितेवर आधारलेली आवृत्ती वाचकांना २०११ मध्ये उपलब्ध झाली.

अद्भुताचा आडोसा लेखकाला कसा उपयोगी पडे, हे १९२८ मधील दोन इंग्रजी कादंबऱ्यांवरून दिसते. रॅडक्लिफ हॉल हिने ‘द वेल ऑफ लोनलीनेस’मध्ये स्त्रियांचे परस्परप्रेम वास्तववादी पद्धतीने रंगविले, लंडनच्या न्यायालयाने ती कादंबरी अश्लील ठरविली. त्याच वर्षीच्या व्हर्जिनिया वुल्फच्या ‘ऑर्लँडो’मधील नायक शतकानुशतके जगतो व मध्येच स्त्री होतो. वुल्फने ही कादंबरी आपली निकटची मैत्रीण व्हिटा सॅक्‌व्हिल-वेस्ट हिला अर्पण केली होती. तिच्यावर मात्र बंदी आली नाही.

अमेरिकेत चित्रपटांसाठीची हेज संहिता १९३४ पासून कठोरपणे अंमलात आली व १९६८ पर्यंत टिकली. चित्रकथांसाठीच्या १९५४ च्या संहितेतही या विषयाच्या सूचक उल्लेखासही मनाई होती. ती १९८९ मध्ये शिथिल झाली. दरम्यान १९६९ मधील न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल येथील उठावानंतर समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीस जोर आला आणि साहित्यातही बदल दिसू लागला. एलिझाबेथ लिन हिच्या ‘वॉचटॉवर’ (१९७९) या कादंबरीला १९८० मध्ये जागतिक अद्भुतिका पुरस्कार मिळाला. एलेन कुश्नरच्या ‘सोर्ड्‌सपॉइंट’ (१९८७) मधील नगरात दोन पुरुषांचे प्रेम ही इतकी सामान्य बाब आहे, की तिचे समर्थन करण्याची कोणास गरज भासत नाही. मर्सिडीज लॅकीच्या कादंबरीत्रयीचा (१९८९–९०) पराक्रमी नायकच समलिंगी आहे.

भारतीय साहित्यात विजयदान देथा (१९२६–२०१३) यांची ‘दोहरी जूण’ ही राजस्थानी कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. तीत परस्परांशी विवाह झालेल्या दोन स्त्रियांपैकी एकीस भुतांच्या सरदाराच्या सामर्थ्याने पुरुषदेह लाभतो. परंतु त्याबरोबर पुरुषी अरेरावीही येते. अखेर तो देह नाकारून दोघी स्त्रिया म्हणूनच एकत्र राहणे पसंत करतात.

लोकप्रिय माध्यमांतील वाटचाल अधिक संथ होती. ‘बफी द व्हँपायर स्लेअर’ या दूरदर्शन मालिकेत दोन तरुण चेटकिणींचे प्रेम दाखविले होते. पण २००२ मध्ये त्यांपैकी टॅरा हिचा मृत्यू दाखविण्यात आल्यावर प्रेक्षकांनी तीव्र निषेध केला. समलिंगी पात्राच्या वाट्याला सुख येताच त्याचा बळी देण्याच्या रूढ संकेतावर त्यामुळे चर्चा झाली. जे. के. रोलिंग हिने डंबलडोर समलिंगी असल्याचे २००७ मध्ये, हॅरी पॉटर मालिकेचा सातवा भाग प्रसिद्ध झाल्यानंतर सांगितले. उलट ‘शी-रा अँड द प्रिन्सेसेस ऑफ पॉवर’ (२०१८–२०) या चलत्‌चित्र मालिकेत नायिकेचे एका स्त्रीवरील प्रेमच विश्वाच्या रक्षणास साहाय्यभूत ठरते. मात्र ही प्रगती सार्वत्रिक नाही. ‘द अनटेम्ड’ (२०१९) या चिनी मालिकेत मूळ कादंबरीतील दोन प्रेमिक सेन्सॉरमुळे केवळ जिवलग मित्र म्हणून दाखवावे लागले.

समलिंगी पात्राचे केवळ अस्तित्व हा या साहित्याच्या मूल्यमापनाचा पुरेसा निकष ठरत नाही. इतर नायक-नायिकांप्रमाणे त्यालाही पराक्रम, दोष, विरह व सुखान्त यांचा समान वाटा मिळतो किंवा नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.