दिवसभर उभी!

मुलांनो, सुपरमार्केटमध्ये जायला तुम्हांला आवडतंच. ढकलगाडी कोण ढकलणार यावरून भावंडांत भांडणंही होतात! गार हवा, चकचकीत फरशी, हवं ते उचला. अशा ठिकाणी नोकरी म्हणजे काय मज्जा, असं आमच्या चौथीच्या वर्गात बऱ्याच जणांना वाटतं. पण वर्गातल्या एका मुलीची आईच अशा दुकानात काम करते. त्यांच्याशी बोलल्यावर कळलं, मज्जा असते ती गिऱ्हाइकाची.

दुकान उघडण्याच्या कितीतरी आधी त्यांचा दिवस सुरू होतो. खोकी फोडायची, माल फळ्यांवर लावायचा. कसाही नाही हं! मोठ्या कंपन्यांत कुठली वस्तू कुठल्या फळीवर, याचा नकाशाच वरच्या ऑफिसातून येतो. त्याला ‘प्लॅनोग्राम’ म्हणतात. जे खपवायचं ते डोळ्यांसमोर. चॉकलेटं मात्र खाली, बिलाच्या रांगेजवळ. ती कुणाच्या डोळ्यांसमोर येतात, ओळखा पाहू! दूध, दही, पाव यांत जुना माल पुढे आणि नवा मागे, म्हणजे आधी आलेला आधी खपतो. काही आया हात घालून मागचंच पाकीट ओढतात आणि मग सगळी फळी पुन्हा लावावी लागते.

बिलाच्या काउंटरवर बारकोडमुळे काम झटपट होतं. दुकानात बारकोड वाचून विकलेली पहिली वस्तू होती च्युइंगगमचं पुडकं, किंमत ६७ सेंट. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी ते विकलं गेलं. घरातला बिस्किटांचा पुडा बघा, बारकोडखालचा आकडा बहुधा ८९० ने सुरू होईल. भारतात नोंदणी केलेल्या कंपन्यांचा तो आकडा. बेरीज यंत्र करतं खरं, पण रात्री गल्ला मोजून हिशोब जुळवायचा तो माणसानेच.

आणि हे सगळं उभ्याने! जुन्या पेढीवर दुकानदारही गादीवर बसायचा, गिऱ्हाईकही बसायचं. नव्या दुकानांत बसलेला कामगार म्हणजे आळशी, असा काहींनी समजच करून घेतलाय. त्या बाईंच्या दुकानात चौघींना मिळून एकच स्टूल आहे. घरी गेल्यावर त्या आधी पाय गरम पाण्यात सोडतात, मग कुकर लावतात.

खरं तर कारखान्यांसाठीच्या १९४८ च्या कायद्यातही उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या, असं लिहिलं होतं. दुकानांतल्या कामगारांना मात्र त्यासाठी झगडावं लागलं.

केरळात कोळिकोड शहरात मिठाई थेरुवू नावाचा जुना बाजार आहे. तिथल्या कापडाच्या दुकानांत बायका दिवसभर उभ्या राहायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, काही ठिकाणी भिंतीला टेकायचंही नाही! कित्येक दुकानांत बायकांसाठी शौचालयसुद्धा नव्हतं, म्हणून त्या पाणीच पीत नसत. विचार करा, केरळच्या उकाड्यात! याच बाजारात शिवणकाम करणाऱ्या विजी नावाच्या बाईंनी या साऱ्याजणींना एकत्र केलं. संघटनेचं नाव ‘पेणकूट्ट’. मल्याळम भाषेत ‘पेण’ म्हणजे बाई आणि ‘कूट्ट’ म्हणजे सोबत. आधी त्यांनी शौचालयासाठी आवाज उठवला, मग खुर्चीसाठी. ‘एवढ्याशा स्टुलासाठी कशाला भांडायचं?’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर एक शाळेचा तास उभं राहून बघा. त्यांचे असे दहा-बारा तास असायचे.

बरीच वर्षं झगडल्यावर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांचा कायदा बदलला. कामगारांना बसायला जागा देणं मालकांवर बंधनकारक झालं. त्याच वर्षी बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांची यादी काढली, तिच्यात विजी यांचं नाव होतं. २०२१ मध्ये शेजारच्या तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. कामातून जरा उसंत मिळाली की बसता यावं, म्हणून तिथे दुकानात प्रत्येक कामगारासाठी बसायची सोय ठेवावी लागते.